ताकायासू आजारासोबतचं पहिलं वर्ष : नाशिकच्या नव्या रुग्णांसाठी

ताकायासू आर्टरायटिस हे निदान कागदावर आलं की पहिला गोंधळ नावापासूनच होतो. सगळ्यांना ते ‘आर्थरायटिस’ वाटतं. त्यात पाठवलेलं असतं संधिवाततज्ज्ञाकडे, मग शेजारपाजारची मंडळी गुडघ्याचं तेल सुचवू लागतात. पण हा सांध्यांचा आजार नाही. हृदयातून निघणारी महाधमनी आणि तिच्या मोठ्या फांद्या यांच्या भिंतींवर शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारशक्ती उलटते. भिंत सुजते, जाड होते आणि आतली वाट अरुंद होत जाते. कधी उलटंही होतं, म्हणजे भिंत कमजोर होऊन फुगते. संधिवाततज्ज्ञाकडे जायचं ते एवढ्यासाठी, की प्रतिकारशक्तीचे आजार तेच डॉक्टर सांभाळतात.

मिकितो ताकायासू या जपानी नेत्रतज्ज्ञांनी १९०८ मध्ये एका तरुणीच्या डोळ्यांतल्या रक्तवाहिन्यांमधले बदल मांडले, त्यावरून हे नाव पडलं. आजार जगभरात दुर्मीळ आहे, पण आशियात तुलनेने जास्त दिसतो आणि बहुतेक वेळा चाळिशीच्या आतल्या बायकांना गाठतो. कणीक मळताना हात भरून येणं, दोरीवर कपडे टाकताना किंवा वेणी घालताना दंड गळून जाणं, मान वर केली की चक्कर, पांडवलेण्याच्या पायऱ्यांवर पोटरी आवळून येणं आणि जरा थांबलं की बरं वाटणं, ही त्याची रोजच्या जगण्यातली रूपं. अशक्तपणा म्हणून टॉनिकवर वर्ष-दोन वर्षं निघून जातात, कारण मनगटावर बोट ठेवून दोन्ही हातांची नाडी कुणी ताडून पाहिलेली नसते.

या आजारात आकडे फसवतात, ही गोष्ट पहिल्याच दिवशी समजून घ्या. बीपी चुकीच्या हातावर घेतलं तर ते कमी दिसतं. सीआरपी ही सूज दाखवणारी रक्ततपासणी काही औषधांमुळे उगाच नॉर्मल येते. काही वेळा रिपोर्ट उत्तम असतात आणि आत भिंत सुजतच असते. त्यामुळे आपला खरा आकडा कुठे आणि कसा मिळतो, हे शिकणं हेच पहिल्या वर्षाचं मोठं काम. मनावरचा निम्मा ताणसुद्धा त्यानेच हलका होतो, कारण रोज नव्या आकड्याला घाबरणं थांबतं.

पहिली पायरी : बीपीची जागा ठरवून घ्या

हाताला रक्त नेणारी वाहिनी अरुंद झाली की त्या हाताला दाब कमी पोचतो. मशीन १००/७० दाखवतं, सगळे निर्धास्त होतात, आणि त्याच वेळी हृदयाला, मेंदूला, किडनीला १७०-१८० चा मार बसत असू शकतो. किडनीची धमनी अरुंद झाली असेल तर बीपी आणखी चढतं. म्हणून पहिल्या किंवा दुसऱ्या भेटीतच डॉक्टरांना चारही हातापायांचं बीपी घ्यायला सांगा आणि फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून घ्या : ‘बीपी उजव्या हातावरच’, किंवा ‘दोन्ही हात धरू नयेत, मांडीवर घ्यावे’. दोन हातांत १० पेक्षा जास्त फरक सतत येत असेल तर ज्या हातावर जास्त येतो तो आकडा खरा धरतात. आधी कमी असलेला फरक पुढे वाढत गेला, तर तोही सांगण्यासारखा बदल आहे.

घरी मोजण्यासाठी दंडाचं डिजिटल मशीन घ्या. मनगटाचं नको. पट्टा दंडाच्या मापाचा हवा, कारण लहान पट्टा आकडा फुगवतो. मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, मिश्री काही नाही. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. हात उशीवर, छातीच्या उंचीला. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे वहीत लिहा. वेळ सकाळी गोळ्यांआधी आणि संध्याकाळी जेवणाआधी. सुरुवातीचे १५ दिवस रोज, मग डॉक्टर सांगतील तसं.

मांडीवर मोजायचं असेल तर जास्त काळजी लागते. मांडीसाठी मोठा पट्टा वेगळा मिळतो. दंडाचा पट्टा ओढूनताणून मांडीला लावला की आकडा खोटाच जास्त येतो. रुग्णाला आडवं झोपवा, पट्ट्याची खालची कड गुडघ्याच्या मागच्या वळीच्या थोडी वर येऊ द्या, पाय सैल सोडायला सांगा. निरोगी माणसातसुद्धा पायाचं वरचं बीपी हातापेक्षा १० ते २० ने जास्त असतं, त्यामुळे १४० बघून धसका घेऊ नका. पायाच्या आकड्याचं ध्येय काय, हे डॉक्टरांकडून वेगळं लिहून घ्या. मशीन वारंवार ‘एरर’ दाखवत असेल तर ते बिघडलंच असेल असं नाही, त्या हाताची नाडीच फार क्षीण असू शकते.

इथे नेहमीची चूक होते ती दवाखान्यात. रिसेप्शनजवळची सिस्टर सवयीने डावा हात पुढे करायला सांगते आणि आपण संकोचाने करतो. ‘सिस्टर, माझं बीपी या हातावर लागत नाही, उजव्यावर घ्या,’ एवढं प्रत्येक वेळी म्हणायचं. दाताचं काम असो, बाळंतपण असो वा ऑपरेशन, भूलतज्ज्ञांनाही हेच सांगायचं.

दुसरी पायरी : रिपोर्ट वाचायला शिका

ईएसआर आणि सीआरपी हे सूज मोजायचे दोन नेहमीचे रिपोर्ट. ईएसआर अॅनिमियात, गरोदरपणात आणि साध्या संसर्गातही वाढतो. आपल्याकडे बायकांचं हिमोग्लोबिन कमी असणं इतकं सर्रास आहे, की एकटा ईएसआर बघून ‘आजार भडकला’ म्हणता येत नाही. सीआरपीचं एकक नीट बघा. एक लॅब मिलिग्रॅम प्रति लिटर लिहिते, दुसरी प्रति डेसिलिटर. पहिल्यातले ६ आणि दुसऱ्यातले ०.६ हे एकच. लॅब बदलली आणि ०.६ चे ६ झाले म्हणून रात्रभर जागलेली घरं थोडी नाहीत. कॅनडा कॉर्नरला करा नाहीतर नाशिकरोडला, पण दरवेळी एकाच लॅबमध्ये करा.

टोसिलिझुमॅब हे इंजेक्शन चालू असेल तर सीआरपी जवळजवळ शून्यावर येतं, कारण यकृत ज्या इशाऱ्यावर सीआरपी बनवतं तो इशाराच हे औषध अडवतं. तेव्हा कोरा सीआरपी म्हणजे आजार शांत असं मानू नका. लक्षणं, नाडी, बीपी आणि स्कॅन यांवरच भिस्त ठेवावी लागते.

वाहिन्यांची खरी अवस्था अँजिओग्राफीत दिसते, मग ती सीटी असो की एमआर. भिंतीतली सूज पाहायला कधी पेट स्कॅन सांगतात. फिल्मचे मोबाइलवर काढलेले फोटो दुसऱ्या डॉक्टरांच्या फारसे उपयोगी पडत नाहीत. स्कॅन सेंटरमधून सीडी किंवा पेनड्राइव्हवर मूळ प्रतिमा मागून घ्या आणि घरी एक प्रत ठेवा. पुढचा स्कॅन याच प्रतिमांशी ताडून पाहायचा असतो.

तिसरी पायरी : औषधं

सुरुवात बहुतेक प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने होते, दिवसाला ४० ते ६० मिलिग्रॅम, आणि काही आठवड्यांनी ते हळूहळू उतरवतात. वर्षभरात १० मिलिग्रॅमपर्यंत किंवा त्याखाली यायचं असं साधारण उद्दिष्ट असतं. गोळी सकाळी नाश्त्यानंतर घ्या. संध्याकाळी घेतली की झोप उडते, आणि झोप उडाली की दुसऱ्या दिवशीचं बीपी आणि मन दोन्ही बिघडतं.

मेडिकलवाल्याने ‘हे नाही, हे घ्या, तेच आहे’ म्हटलं तर सावध राहा. ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, ४ मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन आणि ६ मिलिग्रॅम डिफ्लाझाकोर्ट यांची ताकद एकच आहे. पट्टीवरचा आकडा सारखा दिसला म्हणून औषध सारखं होत नाही.

तीन आठवड्यांहून जास्त काळ स्टेरॉइड चाललं की शरीर स्वतःचं नैसर्गिक स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसोल, बनवणं कमी करतं. अशा वेळी गोळी अचानक बंद केली तर बीपी कोसळून जीवावर बेतू शकतं. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधीच नवीन आणा. उलट्या होऊन गोळी पोटात टिकतच नसेल तर थांबू नका, दवाखान्यात जाऊन इंजेक्शनमधून स्टेरॉइड घ्यावं लागतं. मोठा ताप किंवा ऑपरेशन असताना डोस किती वाढवायचा, हे आधीच डॉक्टरांकडून फाईलवर लिहून घ्या. रात्री बाराला फोन लागत नाही.

मोठ्या डोसवर पोटाच्या, हाडांच्या आणि साखरेच्या तक्रारी येतात. स्टेरॉइडमुळे चढणारी साखर सकाळी उपाशीपोटी नॉर्मल असू शकते आणि दुपारच्या जेवणानंतर २०० च्या वर जाते. फक्त उपाशीपोटीची साखर तपासून समाधान मानू नका. हाडांसाठी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व बहुतेकांना सुरू करतातच.

सोबत स्टेरॉइडचा भार कमी करणारं औषध देतात : मेथोट्रेक्सेट, अझाथायोप्रिन किंवा मायकोफेनोलेट. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत, म्हणून वार ठरवा, समजा रविवार, आणि कॅलेंडरवर लाल खूण करा. घरात गोळ्या दुसरं कुणी काढून देत असेल तर त्यांनाही समजावून सांगा. फॉलिक अॅसिड ५ मिलिग्रॅम दुसऱ्या दिवशी, डॉक्टर सांगतील तसं. सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी आणि नंतर दर दोन-तीन महिन्यांनी हिमोग्राम, यकृताची तपासणी आणि किडनीसाठी क्रिएटिनीन करावं लागतं. तोंडात फोड, सतत ताप किंवा कोरडा खोकला आला तर पुढचा डोस घेण्याआधी विचारा.

काही जोड्या टाळायच्याच. मेथोट्रेक्सेटवर असताना लघवीच्या संसर्गासाठी को-ट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक दिलं तर रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतात. अझाथायोप्रिनसोबत यूरिक अॅसिडची अॅलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट चालत नाही. डोकं किंवा कंबर दुखली म्हणून डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी परस्पर घेऊ नका, तिने बीपी चढतं आणि किडनीवर ताण येतो. पॅरासिटॅमॉल बरं.

औषध सुरू होण्याआधी क्षयरोगाची तपासणी करतात, म्हणजे छातीचा एक्स-रे आणि मॅन्टू ही त्वचेवरची किंवा रक्ताची चाचणी. ती टाळू नका. आपल्या भागात दबलेला क्षय अनेकांत असतो आणि प्रतिकारशक्ती दाबली की तो डोकं वर काढतो. दोन आठवडे खोकला किंवा रोज संध्याकाळी ताप असेल तर ‘व्हायरल’ म्हणून सोडू नका. फ्लूची लस दरवर्षी घ्या, न्यूमोनियाची (न्यूमोकोकल) डॉक्टरांच्या वेळापत्रकाप्रमाणे. जिवंत विषाणूंच्या लसी मात्र या औषधांवर असताना घेत नाहीत.

मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला आणि मगच पुढे जा. मेथोट्रेक्सेट आणि मायकोफेनोलेट गर्भाला घातक आहेत, ती आधीच थांबवून औषधं बदलावी लागतात. मधल्या काळातल्या गर्भनिरोधासाठीही विचारा, कारण बीपी असताना इस्ट्रोजेनच्या गोळ्या योग्य नाहीत. ताकायासू असलेल्या अनेकींची बाळंतपणं सुखरूप होतात, पण आजार शांत आणि बीपी ताब्यात असताना ठरवून झालेली. लग्नाआधी हे लपवून ठेवायला सांगणारे नातेवाईक असतात. त्यांचं ऐकू नका. लपवलेली गोळी हमखास चुकते.

आणि काढे. ‘इम्युनिटी वाढवा’ हा सल्ला या आजारात उलटा पडतो, कारण प्रतिकारशक्ती इथे कमी नाही, भरकटलेली आहे. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले, आणि त्यांत ऑटोइम्यून, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचे, आजार असलेलेही होते. ज्येष्ठमधाने बीपी चढतं. वैद्यांकडे जायचं असेल तर सगळी फाईल घेऊन जा आणि दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची औषधं दाखवा.

चौथी पायरी : ताट

मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं धरून एक सपाट चहाचा चमचा. पानात वरून घेतलेलं मीठ यातला लहानसा हिस्सा असतो. खरं मीठ लोणचं, पापड, कुरडई, चिवडा, शेव-फरसाण यांतून जातं. नाशिककराला मिसळ सोडा म्हणणं हा अन्याय आहे, आणि कायमची सोडायची गरजही नाही. मोठ्या डोसच्या महिन्यांत बंद ठेवा. नंतर कधीतरी घरी मटकी करून, रस्सा अळणीकडे झुकणारा, फरसाण मूठभराऐवजी चिमूटभर.

कॅल्शियमसाठी नाचणीसारखं दुसरं धान्य नाही. १०० ग्रॅममध्ये ३०० मिलिग्रॅमहून जास्त मिळतं, साधारण तेवढंच मोठ्या पेलाभर दुधात. भूक खूप लागते, ती स्टेरॉइडची आहे. पाच वाजता बिस्किटांऐवजी उकडलेली मटकी, मूग, फुटाणे हाताशी ठेवा. द्राक्षांच्या दिवसांत घरात पेटी येतेच. साखर वाढली असेल तर एका वेळी वाटीभर, जेवणानंतर लगेच नाही.

पाचवी पायरी : शरीर आणि मनाचा ताण

ताणामुळे ताकायासू होतो असं नाही, आणि ‘तू फार विचार करतेस म्हणून झालं’ हे ऐकून घ्यायचीही गरज नाही. पण ताणाने बीपी चढतं, झोप मोडते, गोळ्या चुकतात, आणि मग थकवा कशाचा हेच कळेनासं होतं. वहीत बीपीशेजारी तीनच गोष्टी लिहा : झोप किती तास, हात किंवा पाय भरून आला का आणि कोणतं काम करताना, नवीन काय. ‘काल पाहुणे होते, पाच तास झोप’ अशी नोंद असली की आजचा थकवा कशाचा ते समजतं. उलट झोप पुरेशी, ताण काही नाही, तरी आठवडाभर बारीक ताप, मानेच्या बाजूला दाबल्यावर दुखणं, वजन उतरणं, आधी दहा मिनिटांनी भरणारा हात आता चार मिनिटांत भरणं, हे सगळं आजार जागा झाल्याचं लक्षण. वही घेऊन डॉक्टरांकडे जा. स्टेरॉइडचा डोस उतरवताना चार-आठ दिवस अंग दुखणं मात्र नेहमीचं आहे, त्यासाठी परस्पर डोस वाढवू नका.

श्वासाचा व्यायाम साधा ठेवा. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं, दिवसातून दोनदा, श्वास रोखून न धरता. शीर्षासन, सर्वांगासन नको. बीपी चढं असेल तर कपालभाती, भस्त्रिका नको. योगवर्गात पहिल्याच दिवशी हे सांगून टाका. मानेच्या वाहिन्या अरुंद असताना सलूनमध्ये मानेला झटका देऊन ‘कट्’ आवाज काढून घेणं अतिशय धोक्याचं आहे. पार्लरमध्ये केस धुताना मान बेसिनवर मागे लटकवू नका, पुढे वाकून धुवायला सांगा.

चालायला सपाट जागा निवडा. गोल्फ क्लब मैदानाचा जॉगिंग ट्रॅक बरा, पांडवलेणी किंवा ब्रह्मगिरी सध्या नको. हात-पाय भरून आले की थांबा, उतरलं की पुन्हा चाला. रोज २० मिनिटांपासून सुरू करा. डिसेंबर-जानेवारीत पारा खाली उतरतो तेव्हा पहाटे बाहेर पडू नका, ऊन आल्यावर स्वेटर आणि हातमोजे घालून जा.

घरकामाची वाटणी कामाच्या नावानिशी सांगा. ‘मला बरं वाटत नाही’ याचा घरात रोज नवा अर्थ लागतो. ‘आई, कणीक मळली की हात भरून येतो, तेवढी तुम्ही मळा, पोळ्या मी करते,’ हे कुणालाही समजतं. सातपूर-अंबडला पाळीवर काम असेल तर रात्रपाळी टाळण्यासाठी डॉक्टरांचं पत्र घ्या. रात्रपाळीत सकाळची गोळी, झोप आणि बीपी तिन्हींची वेळ मोडते.

सहावी पायरी : मुंबईची फेरी आणि खर्च

अनेकांची रक्ततपासणी नाशिकला आणि तज्ज्ञांचा सल्ला मुंबईत असा संसार चालतो. तपासण्या भेटीच्या तीन-चार दिवस आधी इथेच उरका. ईएसआर-सीआरपीला उपाशी राहावं लागत नाही. पंचवटी एक्सप्रेसने जाणार असाल तर पहाटे घाईत गोळी राहून जाते, ती आणि बरोबरचा नाश्ता डब्यात घेऊन गाडीत खा. प्रश्न कागदावर लिहून न्या, तीनच. चौथ्यापर्यंत वेळ संपते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं संरक्षण ५ लाखांपर्यंत आहे. तुमचा उपचार त्यात बसतो का, हे योजनेत सामील असलेल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड, आधार आणि डॉक्टरांचा कागद दाखवून भरती होण्याआधी विचारा. नेहमीच्या गोळ्यांपैकी काही जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळतात. अरुंद वाहिनीत फुगा किंवा स्टेंट टाकायचा सल्ला मिळाला तर ‘सूज शांत आहे का?’ हे विचारा. आजार भडकलेला असताना केलेलं काम पुन्हा बुजायची शक्यता जास्त असते, त्यामुळे तातडी नसेल तर आधी औषधांनी सूज उतरवतात.

कुंभाच्या पर्वणीच्या दिवसांत रस्ते वळवले जातात. तेव्हा महिन्याभराच्या गोळ्या आधीच घरात हव्यात.

तातडी आणि पाकिटातलं कार्ड

तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, एका डोळ्यापुढे अचानक पडदा येणं, छातीत दुखणं, दम लागून आडवं न होता येणं, किंवा बीपी १८०/१२० च्या वर आणि सोबत जोरात डोकेदुखी : यांपैकी काहीही झालं तर १०८ ला फोन करा. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतात, आणि ते घड्याळ पहिल्या लक्षणापासून चालू होतं. लक्षण सुरू झाल्याची वेळ लक्षात ठेवा, दवाखान्यात पहिल्यांदा तीच विचारतात.

एक कार्ड लॅमिनेट करून पाकिटात आणि त्याचा फोटो मोबाइलच्या लॉक स्क्रीनवर ठेवा. त्यावर एवढंच : ताकायासू आर्टरायटिस. बीपी फक्त अमुक ठिकाणी घ्यावे. स्टेरॉइड रोज चालू, अचानक बंद करू नये. चालू औषधं, डोस आणि मेथोट्रेक्सेटचा वार. अॅलर्जी. घरच्या दोघांचे फोन. डोस बदलला की त्याच दिवशी कार्डही बदला. जुन्या डोसचं कार्ड फाडून टाका, पाकिटात दोन कार्डं राहू देऊ नका.